सोलापुरात महिन्याचा किराणा : सवलतीच्या मोठ्या दुकानातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये

हिशेबवही

महिन्याची यादी ओळखीच्या दुकानात द्यायची आणि संध्याकाळी सामान घरपोच घ्यायचे, ही पद्धत आपल्या सोलापुरात अजून पुष्कळ घरांत चालते. आमचे सहा माणसांचे घर जुळे सोलापुरात आहे आणि आमच्याकडेही तसेच होते. गेल्या वर्षापासून आम्ही यादीतले बरेचसे सामान सवलतीच्या मोठ्या दुकानातून आणू लागलो आणि खर्च खरोखरच उतरला. मात्र जुनी आणि नवी बिले शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिल्यावर लक्षात आले, की ही बचत सगळ्या यादीवर झालेली नाही; ती ठरावीक वस्तूंवर झाली आहे, आणि काही वस्तू तर तिथे चढ्या भावानेच पडतात. दुकान बदलून पैसे वाचत नाहीत, यादीची वाटणी नीट केली तर वाचतात, असे माझे मत झाले आहे, आणि इतरांचा अनुभव कळावा म्हणून हा धागा काढत आहे.

आधी हे स्वस्त देणे त्यांना परवडते कसे, ते पाहू. डीमार्टचेच उदाहरण घेतले तर २००२ मध्ये मुंबईत पवईला त्यांचे पहिले दुकान सुरू झाले. शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढायचे म्हणजे भाडे वाचते, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो भाव कमी करून देतो, आणि ज्या वस्तू पटापट संपतात त्याच प्रामुख्याने ठेवायच्या म्हणजे माल पडून राहत नाही, अशी त्यांची साधारण रीत आहे. साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, चहा, बिस्किटे, तेलाचे पाऊच अशा छापील किमतीच्या मालावर तिथे जी सूट मिळते ती खरी असते, कारण हाच साबण त्याच वजनात कोपऱ्यावरच्या दुकानात पूर्ण छापील किमतीला मिळतो. आमच्या बचतीचा मोठा वाटा याच वस्तूंचा आहे.

धान्य आणि डाळींचे गणित वेगळे आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही. मोठ्या दुकानातील पाकिटाच्या भावात हा कर, पाकिटाचा खर्च आणि निवडण्याची मजुरी धरलेली असते. म्हणून तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे, ज्वारी यांची तुलना पाकिटावरच्या सवलतीच्या आकड्याशी करू नये, बाजारातल्या सुट्या मालाच्या किलोच्या भावाशी करावी.

तेलाबाबत सर्वांत जास्त सावध राहावे लागते, कारण काही माल लिटरवर आणि काही किलोवर विकला जातो. १ लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असते. समजा, १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि १५ लिटरचा २,२५० रुपयांना. दीडशे रुपये वाचले असे वाटते, पण पहिला डबा किलोला १६० रुपयांना पडतो आणि दुसरा जवळपास १६५ रुपयांना. पाऊचचेही तेच. शेल्फवर शेजारी ठेवलेल्या दोन पाऊचपैकी एक १ लिटरचा आणि दुसरा ८०० किंवा ८५० ग्रॅमचा असू शकतो, आणि उंची-रुंदीवरून फरक कळत नाही. पाकिटावर छापील किमतीजवळ बारीक अक्षरांत प्रतिग्रॅम, प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर दर छापलेला असतो. तो छापील किमतीवरून काढलेला असल्यामुळे दुकानातील सवलत त्यात धरलेली नसते. तरीही दोन पाकिटांत कोणते खरोखर स्वस्त आहे याचा अंदाज घेण्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

राहिला प्रश्न यादीबाहेरच्या खरेदीचा. मुलांना घेऊन गेले की ट्रॉलीत चॉकलेट, प्लास्टिकचे डबे, चादरीचा जोड असे काय काय जमा होते (सोलापुरात राहून चादर तिथून घेण्याचे खरे तर काही कारण नाही). एका वस्तूवर वाचलेले पैसे अशा दोन वस्तूंत निघून जातात. आम्ही आता यादी लिहून नेतो, मोठ्यांपैकी एकटेच कोणीतरी जाते, आणि यादीबाहेरची वस्तू घ्यावीशी वाटली तर ती पुढच्या महिन्याच्या यादीत टाकतो. पुष्कळदा पुढच्या महिन्यात तिची गरजच उरलेली नसते.

होटगीरोड

माहिती उत्तम आहे, ताई. दोन गोष्टींची भर घालतो. पहिली म्हणजे महिन्याचा पहिला आठवडा आणि रविवार टाळावा. त्या दिवशी पैसे देण्याच्या रांगेत इतका वेळ जातो की माणूस कंटाळून तुलना करणेच सोडून देतो. दुसरी म्हणजे बिल दुकानाच्या बाहेर पडण्याआधी वाचावे. शेल्फवरच्या पट्टीवर एक भाव आणि बिलात दुसरा, असे एका मोठ्या दुकानात माझ्या बाबतीत घडले आहे. तिथल्या तिथे दाखवल्यावर त्यांनी फरक परत दिला, पण घरी आल्यावर लक्षात आले असते तर कोणी परत गेले नसते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे तर कायद्यानेच चालत नाही, मग दुकान छोटे असो की मोठे. ऐकून घेतले नाही तर वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

किराणावाला

माझे शहरात छोटे किराणा दुकान आहे आणि हा धागा मी मनापासून वाचला. हिशेबवही ताईंनी लिहिलेले बहुतांशी बरोबर आहे. साबण, टूथपेस्ट, चहा यांत आम्ही मोठ्या दुकानाशी भावात टिकू शकत नाही, कारण आम्हाला माल वितरकाकडून येतो आणि त्यांना तो थेट कंपनीकडून, शेकडो दुकानांसाठी एकदम मिळतो. त्याबद्दल गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे त्याने घर चालवायचे असते.

सुट्या मालाबाबत मात्र काही गोष्टी गिऱ्हाइकाला माहीत असाव्यात असे मला वाटते. तूरडाळ म्हणजे एकच वस्तू नव्हे. फटका डाळ वेगळी, साधी वेगळी, आणि तिच्यात चुरी किती आहे त्यावर भाव ठरतो. साखरेतही एस-३० आणि एम-३० असे दाण्याच्या आकारावरून प्रकार असतात. पोहे जाडे, मध्यम, पातळ असतात. कोलम तांदूळ नवा आणि जुना यांच्या भावात चांगलाच फरक असतो, कारण जुना भातात फुगतो आणि मोकळा होतो. एका दुकानात डाळ किलोमागे दहा रुपये स्वस्त दिसली, तर ती त्याच प्रतीची आहे का, हे मूठभर तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. सुट्या मालात ती सोय आहे. पाकीट मात्र घरी जाऊनच उघडते.

शेंगदाण्याची तर चवच पाहावी. आपल्या सोलापूरची शेंगदाणा चटणी ज्या घरात रोज ताटात असते, त्या घरात दाणा खवट निघाला की अख्खी चटणी वाया जाते. दोन दाणे तोंडात टाकून पाहा, कोणताही दुकानदार नाही म्हणणार नाही. म्हणत असेल तर तिथून घेऊ नका.

आणखी एक. आमच्या भावात उधारीचा खर्च मिसळलेला असतो. खात्यावरचे पैसे दोन-दोन महिने अडकतात आणि वितरक मात्र आठवड्याला पैसे मागतो. जे गिऱ्हाईक महिन्याची पूर्ण यादी एकदम देते आणि रोख किंवा फोनवरून लगेच पैसे देते, त्याने स्पष्टपणे भाव विचारावा. तेलाचा डबा, तांदळाचा कट्टा, साखर यांत आम्ही नक्की काही ना काही कमी करतो. विचारतच नाहीत म्हणून मिळत नाही. तांदळाचे २६ किलोचे कट्टे बाजारात येतात ते २५ किलोच्या वर कर लागत नाही म्हणूनच. मोठे कुटुंब असेल तर कट्टा घेतलेला परवडतो.

पूर्वभाग

मी पूर्व भागात राहते. वरील सर्व चर्चा महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराची आहे, म्हणून थोडे लिहिते. आमच्या गल्लीत यंत्रमागावर जाणारे पुरुष आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत, आणि हातात पैसा येतो तो आठवड्याला. महिन्याचे सामान एकदम भरायला जेवढी रक्कम लागते तेवढी एकाच वेळी कधी हातात नसते. त्यामुळे पाव किलो तेल, अर्धा किलो डाळ, दोन रुपयांची चहापुडी अशी खरेदी होते आणि तीच सर्वांत महाग पडते. मोठ्या दुकानापर्यंत रिक्षाने जाऊन यायचे म्हटले, तर थोड्या सामानावर वाचलेले पैसे भाड्यातच संपतात. ज्या दुकानदाराने आजारपणात किंवा माग बंद असताना खाते चालू ठेवले, त्याच्याकडे पाठ फिरवणे हेही आम्हाला योग्य वाटत नाही.

आमच्या बचतगटातल्या बायकांनी यावर किराणा भिशी सुरू केली आहे. प्रत्येकीने आठवड्याला ठरलेली रक्कम जमा करायची, महिनाअखेरीस दोघी-तिघींनी सगळ्यांची यादी घेऊन जायचे, एकाच रिक्षात सामान आणायचे आणि भाडे वाटून घ्यायचे. साबण, पावडर, तेल, चहा एवढेच आम्ही मोठ्या दुकानातून आणतो. तांदूळ आणि डाळ भुसार दुकानातून कट्ट्याने घेऊन वजनकाट्यावर वाटतो. ज्यांच्याकडे रेशनकार्डावर धान्य येते त्यांची गहू-तांदळाची गरज त्यातून बरीचशी भागते, म्हणून त्यांची भिशीची रक्कम आम्ही कमी ठेवली आहे. हे चालवायला विश्वासाची एक बाई लागते जी वही नीट ठेवील. बाकी काही अवघड नाही.

एक बारीक गोष्ट सांगते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही. शाम्पूच्या पुड्यांवरचे मिलिलिटर जोडून पाहा. पुष्कळदा बाटलीपेक्षा पुडी स्वस्त पडते.

दूरदेशी_सोलापूरकर

मी काही वर्षे जर्मनीत राहत आहे आणि या विषयाचे मूळ घर इकडेच आहे, म्हणून लिहावेसे वाटले. अल्ब्रेख्त बंधूंच्या दुकानांना १९६२ मध्ये अल्डी हे नाव मिळाले, आणि लिडलचे पहिले सवलतीचे दुकान १९७३ मध्ये निघाले. दोन्हींची रीत सारखीच आहे. एका वस्तूचे दहा ब्रँड ठेवायचे नाहीत, एक-दोनच ठेवायचे आणि त्यातही बहुतेक माल दुकानाच्या स्वतःच्या नावाचा. खोकी फोडून माल मांडत बसायचे नाही, खोकेच शेल्फवर ठेवायचे. ट्रॉली नाणे घालून घ्यायची, म्हणजे गिऱ्हाईक ती स्वतः जागेवर आणून लावते आणि त्यासाठी माणूस ठेवावा लागत नाही. इकडे शेल्फवरच्या प्रत्येक पट्टीवर किमतीखाली किलोचा किंवा लिटरचा दर लिहिणे बंधनकारक आहे, आणि लोक खरोखर तोच आकडा वाचून वस्तू उचलतात.

इकडून शिकण्यासारखे मला एकच वाटते, ते म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल एकदा लहान पाकीट घेऊन पाहावा. मीठ, साखर, कागदी रुमाल, भांडी घासण्याचा साबण अशा वस्तूंत ब्रँडच्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. चहा आणि मसाल्यांबाबत मात्र घरातल्या सर्वांची जीभ सांगेल तेच खरे. डीमार्टमध्येही डाळी-कडधान्ये त्यांच्या प्रीमिया नावाने मिळतात. सुट्टीवर आलो तेव्हा आईने त्यांतले मूग आणि मटकी घेतली होती, स्वच्छ होती आणि मोडही चांगले आले.

ज्वारीचीभाकरी

ज्वारीबद्दल कोणीच सविस्तर लिहिलेले नाही आणि सोलापूरच्या घरात खरा खर्च तर तिथे आहे. पाकिटातले ज्वारीचे पीठ माझ्या मते कोणत्याच सवलतीत घेऊ नये. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग कितीही गरम पाण्यात मळले तरी भाकरी थापताना कडेने फाटते आणि तव्यावर टाकताना हातात तुटते. पाकिटावर दळल्याची तारीख महिनाभर मागची असते, आणि आपल्याला तर आठवड्याच्या गिरणीच्या पिठाची सवय आहे. कडक भाकरी करून ठेवायची असेल तर ताज्या पिठाशिवाय ती नीट होतच नाही.

रब्बीची ज्वारी साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते आणि आवक वाढली की भाव उतरतात. वर्षाची बेगमी तेव्हाच करावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि आपली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, हे वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेले आहे, तेव्हा चांगली ज्वारी शोधायला दूर जावे लागत नाही. घेताना दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आणि दाताखाली कडक असावा. काळपट टिपके असतील तर काढणीच्या वेळी पावसात भिजलेली ज्वारी समजावी. ती स्वस्त मिळते पण टिकत नाही. घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावी, आणि थराथरात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा. गरम असताना भरली तर आत घाम धरतो आणि पोरकिडा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

मार्केट यार्डात लिलावात आपल्याला किलो-दोन किलो मिळत नाही हे खरे आहे, पण भुसार दुकानदार पोत्याने देतात आणि हमालीसकट भाव आधीच विचारून घ्यावा. ओळखीचा शेतकरी असेल तर सर्वांत उत्तम. कांद्याचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत आपल्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रीघ लागते. त्या दिवसांत मोठ्या दुकानातून जाळीच्या पिशवीतला कांदा आणण्याचे काही कारण नाही. मात्र तो खरिपाचा ओलसर कांदा असतो, साठवणीचा नव्हे, म्हणून दोन आठवड्यांपुरताच घ्यावा. साठवायचा असेल तर एप्रिल-मे महिन्यांतला उन्हाळी कांदा घ्यावा.

हिशेबवही

सर्वांचे आभार. किराणावाला दादांनी प्रतीबद्दल जे लिहिले त्याची आमच्या हिशेबात भर घालते. यापुढे डाळीच्या भावापुढे प्रतही लिहीन, नाहीतर तुलना अपुरी राहते. पूर्वभाग ताईंची भिशी मला फार महत्त्वाची वाटते, कारण सवलतीच्या दुकानाचा फायदा ज्यांच्या हातात एकरकमी पैसा आहे त्यांनाच आधी मिळतो आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे ते मागे राहतात. आमच्या अपार्टमेंटमध्ये घरकामाला येणाऱ्या ताईंना मी ही कल्पना सांगितली आहे. त्यांच्या गल्लीत वही ठेवायला त्यांची बारावीतली मुलगी तयार आहे.

आणखी एक सांगायचे राहिले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे त्याआधीच्या बिलांशी आजच्या बिलांची तुलना करताना सगळी घट दुकान बदलल्यामुळे झाली असे धरू नये. करातली कपात वेगळी काढावी. मी तशी काढली तेव्हा बचतीचा आकडा लहान झाला, पण तरीही दुकान बदलणे योग्यच ठरले.

होटगीरोड

माझे आई-वडील दोघेच राहतात, दोघेही सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यासाठी मोठ्या दुकानात जाणे योग्य आहे का? दोन माणसांना सामान ते किती लागणार?

किराणावाला

दादा, दोन वयस्क माणसांसाठी माझा सल्ला असा, की साबण-पावडर-चहा तुम्ही तुमच्या यादीबरोबर तीन महिन्यांचे एकदम आणून द्यावे, कारण ते खराब होत नाही. डाळ, रवा, पोहे, शेंगदाणे जवळच्या दुकानातून पंधरा दिवसांचेच घ्यावेत. आमच्यासारखे दुकानदार फोन केला की पोरगा पाठवतात, आणि वयस्क गिऱ्हाइकाकडे दोन दिवस फोन आला नाही तर चौकशीही करतात. मोठ्या पाकिटाच्या मोहाने दोन माणसांच्या घरी पाच किलो रवा आणला तर अर्ध्याला जाळी लागते.

हिशेबवही

जुळे सोलापूर आणि विजापूर रोड भागातील कोणाला ज्वारीचे पोते वाटून घ्यायचे असेल, तर किती किलो हवी ते इथेच लिहावे. चार-पाच घरे जमली की भुसार बाजारात दोन-तीन दुकानांचा भाव हमालीसकट विचारून मी इथे कळवीन. नमुन्याची मूठभर ज्वारीही आणून ठेवीन, ती पाहून मगच पैसे द्यावेत.